पिवळा खोडवा आणि तीन पानी वेळापत्रक

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: कृष्णाकाठच्या काळ्या रानात दीड एकर उसाचा खोडवा (तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटलेलं पीक) आहे आणि तिसऱ्या महिन्यापासून तो पिवळा पडतोय. वडिलांनी एका सल्लागाराकडून तीन पानी वेळापत्रक आणलंय. त्यात चार आळवण्या (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं), पाच फवारण्या आणि एकूण अकरा उत्पादनं आहेत. शेजारचे आजोबा बांधावरून एवढंच म्हणाले, "पाणी थांबवा, वाफसा येऊ द्या." म्हणजे जादा पाणी उतरून मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतील अशी स्थिती येऊ द्या. वडिलांना ते पटलं नाही. तुम्हीही प्रामाणिकपणे लिहिलंय, की इंजिनिअर असूनही तुम्हाला ती तीन पानंच जास्त खरी वाटली. मग तुम्ही विचारता, साधं कारण समोर असताना माणसाला गुंतागुंतीचंच का पटतं?

मी ऊस आणि हळदीच्या रानांत सल्ला देत फिरतो, त्याला २४ वर्षं झाली. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याचं उत्तर सविस्तर द्यायलाच हवं. पण एक आधी सांगतो. तुमचं रान मी पाहिलेलं नाही, त्यामुळे आजोबा बरोबर की सल्लागार, हे मी इथून ठरवणार नाही. निचरा कसा आहे, शेजारचं रान वर आहे की खाली, मातीत चुनखडी किती, आधीच्या उसाला किती पाणी दिलं, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. मात्र तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी माझ्या नजरेत भरल्या. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आहेत आणि त्यांच्या शिरा हिरव्या आहेत. आणि लाईट रात्रीची असल्यामुळे मोटर ऑटोवर टाकलेली असते, म्हणजे लाईट आली की ती आपोआप सुरू होते.

'साधं कारण की गुंतागुंतीचं' असा प्रश्न मांडला की आपण फसतो. तुमच्या रानात बहुधा दोन्ही खरी आहेत. कसं ते बघा.

आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे. त्या खडकात लोह भरपूर असतं आणि मातीतही ते वजनाच्या काही टक्के असतं. पिकाची गरज त्या मानाने चिमूटभर. तरी माती परीक्षणात पिकाला घेता येईल असं लोह ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) खाली आलं की अहवालात 'कमी' असं येतं. म्हणजे कणगी भरलेली आहे, पण हात पोचत नाही. याला चुनखडी आणि ओल दोन्ही मिळून कारण असतात. चांगल्या वाफशाला मातीचा साधारण निम्मा भाग पोकळी असते आणि त्या पोकळीत निम्मं पाणी, निम्मी हवा. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो हवेच्या वाटेने वर निघून जातो. पोकळी पाण्याने भरली की तो अडकतो, कारण पाण्यातून वायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. अडकलेला वायू चुनखडीबरोबर बायकार्बोनेट तयार करतो. बायकार्बोनेट वाढलं की मुळीला लोह उचलणं जड जातं. जोडीला ऑक्सिजन नसल्याने पांढरी मुळी मरते आणि नत्राचाही काही भाग वायू होऊन उडून जातो. मग शेंड्याचं पान पिवळं पडतं. आपण त्याला केवडा म्हणतो.

आता सांगा, सल्लागार खोटं बोलला का? नाही. पानावरची लक्षणं लोहाच्या कमतरतेचीच आहेत. लोहाची फवारणी केली की आठ-दहा दिवसांत तेच पान हिरवं होईल, आणि वडिलांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंही असेल. फक्त त्यानंतर शेंड्याच्या सुरळीतून येणारं नवं पान पुन्हा पिवळं येईल, म्हणून पुढची फवारणी. आजोबांचा वाफसा हे या साखळीचं पहिलं टोक आहे. तीन पानं मधल्या कड्यांबद्दल आहेत. माझ्या अनुभवात गुंतागुंतीचं स्पष्टीकरण सहसा चुकीचं नसतं, ते मधूनच सुरू झालेलं असतं. तपासायला गेलात तर त्याची ओळ न् ओळ खरी निघते. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला ते पटलं यात नवल नाही.

तरीही तुमचा प्रश्न उरतोच. दोन्ही खरी असतील, तर माणूस पहिलं टोक सोडून मधल्या कड्या का धरतो?

माणसाला मुळातच गुंतागुंत आवडते असं सरसकट म्हणता येत नाही. तानिया लोम्ब्रोझो या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांपुढे एका काल्पनिक ग्रहावरचा रोगी ठेवला होता. त्याला दोन लक्षणं आहेत. ती एकाच रोगाने आली असतील किंवा दोन वेगळे रोग एकदम जडले असतील. लोकांचा कल एका रोगाकडे गेला, दोन रोगांची शक्यता आकड्यांनी जास्त दाखवली तेव्हासुद्धा. पारडं बरंच झुकल्यावरच ते दुसरीकडे वळले. म्हणजे परक्या ग्रहावरच्या रोग्यासाठी आपल्याला साधं कारण गोड वाटतं. त्या उत्तराने आपलं काही जात नाही, म्हणून. स्वतःच्या रानात प्रत्येक उत्तराची किंमत मोजावी लागते. साध्या उत्तराची किंमत बहुतेक वेळा जास्त असते, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते एका बांधावर. साठीच्या आसपासचे एक शेतकरी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. तीन वर्षं टनेज घसरत होतं, सोसायटीचं कर्ज अंगावर होतं. मला दुसऱ्या गावाला पोचायचं होतं. मी गाडी स्टँडवर लावली, दोन सऱ्या आत गेलो, पायाखाली पचपच वाजलं, आणि परत येऊन म्हणालो, "अण्णा, काही नाही, पाणी जास्त होतंय. पाळी लांबवा." दोन मिनिटांत निदान, तेही बरोबर. अण्णांनी डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "म्हंजे तीन वर्षं माझ्याच हातानं ऊस मारला म्हणायचा."

मला त्यावर उत्तर सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्याकडून वेळापत्रक आणलं. तो हंगाम तसाच गेला.

अण्णांना पाणी आणि मुळी यांचं नातं समजत नव्हतं असं नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजत होतं. पण माझ्या दोन मिनिटांच्या उत्तरात त्यांच्या तीन वर्षांच्या नुकसानीला जागाच नव्हती. एवढं सोसल्यावर कारण तेवढंच असतं तर? मग रात्री-अपरात्री उठून मोटर चालू केली ती कशाला? गावात काय सांगायचं? लोहाची कमतरता, जिवाणूंचा असमतोल, मुळांवरचा सूत्रकृमी, या कारणांत शेतकऱ्याचा दोष नसतो, ती बाहेरून आलेली असतात. 'पाणी जास्त' या कारणात फावडं कोणाच्या हातात होतं ते सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मी आजही म्हणतो, लोक गुंतागुंत शोधत नसतात, सोसलेल्याच्या तोलाचं कारण शोधत असतात. आणि साधं उत्तर देणारे आम्ही ते असं टाकून देतो, जणू समोरच्याला काही कळतच नाही.

दुसरी गोष्ट करण्याची आणि थांबण्याची. तीन पानं काहीतरी करायला सांगतात. आजोबा न करायला सांगतात. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचं एक काम छापून आलं. लोकांना लेगोच्या ठोकळ्यांची रचना, रंगीत चौकटींचा नमुना, प्रवासाचा आखलेला कार्यक्रम अशा गोष्टी सुधारायला दिल्या होत्या. बहुतेकांनी काहीतरी जोडलं. एखादा तुकडा काढून टाकला की काम सोपं होत होतं, तिथेही काढण्याचा विचार अनेकांच्या डोक्यात आला नाही. 'काढलं तरी चालेल' अशी आठवण करून दिल्यावर काढणारे वाढले. मला यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. लोक काढण्याच्या विरोधात नव्हते, त्यांना ते आठवलंच नव्हतं.

शेतीत तर थांबण्याला मानही नाही. विहिरीत पाणी असताना ज्याने पाजलं नाही त्याला गाव आळशी म्हणतं. त्यात लाईटचं गणित. आठ तासांची लाईट, तीही एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. आज पाजलं नाही आणि उद्या डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला तर? पाटाची पाळी सोडली तर पुढची कधी? या भीतीपोटी माणूस वाफसा बघत नाही, लाईट बघतो. म्हणून 'पाणी कमी करा' हा सल्ला कानाला सोपा असला तरी पाळायला सोपा नाही, हे आजोबांनी आणि मीही लक्षात घेतलं पाहिजे. अकरा बाटल्या आणणं त्यापेक्षा सोपं आहे, दुकानदार कारखान्याचं बिल येईपर्यंत थांबतोसुद्धा. उधारीवर माल देणाऱ्या माणसावर शेतकऱ्याचा विश्वास बसतो तो उगाच नाही. अडचणीच्या वेळी तो उपयोगी पडलेला असतो. पण थांबण्याची बाटली त्याच्याकडे नसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते. अकरा उत्पादनांचं वेळापत्रक कधी खोटं ठरतच नाही. पिवळेपणा गेला तर वेळापत्रकामुळे गेला. नाही गेला तर तिसरी फवारणी चार दिवस उशिरा झाली, पाण्याचा सामू (पीएच) बघितला नव्हता, आळवणीनंतर पाऊस पडला. प्रत्येक वेळी एखादी कडी निसटलेली सापडतेच, आणि दोष पुन्हा वेळापत्रकाबाहेर जातो. उलट 'वाफसा येऊ द्या' हे उत्तर पंचवीस-तीस दिवसांत उघडं पडतं. नवी पानं हिरवी आली तर आजोबा बरोबर, नाही आली तर चूक. साध्या कारणाला लपायला जागा नसते. नाजूक मनःस्थितीत असलेल्या माणसाला हे उघडं पडणं नको असतं. त्याला आशा चालू ठेवायची असते, आणि लांबलचक वेळापत्रकात आशेचा पुढचा टप्पा नेहमी शिल्लक असतो. शिवाय पावसाळा संपून रान आपोआप सुकलं की ऊस थोडा सावरतोच. त्याच्या आधी जी बाटली वापरली असेल तिच्या नावावर ते श्रेय जमा होतं.

शब्दांचं वजन हेही एक कारण आहे, पण त्यावर फार थांबत नाही. २००८ साली डीना वाइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना काही कच्ची स्पष्टीकरणं वाचायला दिली. त्यात मेंदूविज्ञानाची, मुद्द्याशी संबंध नसलेली माहिती घातली की सामान्य वाचकांना आणि ते शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ती स्पष्टीकरणं बरी वाटू लागली. त्या विषयातल्या जाणकारांना वाटली नाहीत. बाटलीवरच्या ऑक्सिन, सायटोकायनिन, अमिनो ॲसिड या शब्दांचं तसंच होतं. गंमत अशी की वाफसा हा शब्द कोणत्याही लेबलवरच्या शब्दापेक्षा जास्त शास्त्र पोटात घेऊन बसलाय. पाणी, हवा, मातीची रचना, जिवाणूंचं काम, औताला योग्य वेळ, सगळं त्या तीन अक्षरांत आहे. पण तो आजीच्या तोंडचा शब्द आहे, म्हणून आपल्याला त्यात शास्त्र दिसत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही मी मनापासून सांगतोय. साधं कारण चुकू शकतं, आणि चुकतं तेव्हा फार महागात पडतं.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं. जॉन लिंडली हे त्या काळचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं, हंगाम ओला आणि थंड गेला, झाडांनी नको इतकं पाणी शोषलं आणि ती कुजली. साधं, सरळ, सगळ्यांना दिसणारं कारण. माइल्स बर्कली नावाचे पाद्री बुरशीचा अभ्यास करत. ते म्हणाले, पानांवर दिसणारी बारीक बुरशी हेच रोगाचं कारण आहे. झाड कुजल्यावर बुरशी येते असं तेव्हा बहुतेक जाणकार मानत, बुरशीमुळे झाड कुजतं हे त्यांना उलटं वाटलं. १८६१ साली आंतोन द बारी यांच्या प्रयोगांनी बर्कलींची बाजू सिद्ध झाली. तोपर्यंत दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली होती. तिथे 'पाणी जास्त झालं' हेच चुकीचं उत्तर होतं.

माझ्या हातून असंच घडलं. ऑगस्टचा महिना होता. एका प्लॉटमध्ये उसाचे ठिकठिकाणी पिवळे पट्टे पडले होते. आदल्या महिन्यात पाऊस जोराचा झाला होता, रान खोलगट, आणि 'पाणी' हे उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं. अण्णांच्या प्रसंगानंतर मी त्या उत्तराच्या प्रेमात पडलो होतो असं म्हटलं तरी चालेल. चर काढायला सांगून मी निघालो. पंधरा दिवसांनी त्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याने वाळत चाललेलं उसाचं एक बेट दोन्ही हातांनी धरून ओढलं तर ते भाजीच्या जुडीसारखं वर आलं. खाली मुळं नव्हतीच. मातीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या होत्या. हुमणी. मे-जूनच्या वळवात तिचे भुंगे जमिनीतून निघून संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बसतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मुळं खाऊन संपवतात. मी त्या दिवशी एक बेट ओढून बघितलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते. त्या नुकसानीचं ओझं अजून माझ्या मनावर आहे.

तेव्हापासून माझा नियम असा की उत्तर साधं आहे म्हणून खरं नाही आणि अवघड आहे म्हणूनही नाही. ते शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच रानात सिद्ध झालं पाहिजे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या भाताची गोष्ट मला यासाठी आवडते. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात भाताची रोपं कातासारखी तपकिरी होऊन खुंटत होती. लोक त्याला खैरा रोग म्हणत. डॉ. य. ल. नेने हे स्वतः वनस्पती रोगशास्त्रज्ञ. रोगजंतू सापडला असता तर ते त्यांच्याच विषयातलं यश ठरलं असतं. पण १९६६ साली त्यांनी दाखवून दिलं की हा रोगजंतूचा प्रकार नाही, जस्ताची कमतरता आहे. झिंक सल्फेट फवारलं की रोपं सुधारतात, हे कोणालाही बांधावरून दिसत होतं. स्वतःच्या विषयाबाहेरचं साधं कारण स्वीकारायला किती मोकळं मन लागतं याचा मी अनेकदा विचार करतो.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं, वडिलांना 'पाणी जास्त झालंय' असं सांगू नका. निदान आज तरी नको. एक कुदळ घ्या आणि पिवळ्या भागात एका बेटाच्या शेजारी दीड फूट खोल खड्डा घ्या. तसाच एक खड्डा बांधाकडे, जिथे ऊस त्यातल्या त्यात हिरवा आहे तिथे. दोन्हीकडची मुळं हातात घेऊन बघा. पांढरी, लुसलुशीत, ताणल्यावर पटकन न तुटणारी मुळी म्हणजे रान श्वास घेतंय. तपकिरी-काळी, चिमटीत धरली की साल निसटून आत दोरा उरतो अशी मुळी, आणि मातीला कुजकट वास, म्हणजे हवा नाही. अळ्या, कुरतडलेली मुळं, गाठी असतील तर त्याही इथेच दिसतील आणि गोष्ट वेगळी ठरेल. मग वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. नुसता चपटा झाला तर नाही.

दुसरं, आठ सऱ्या निवडा, अगदी कडेच्या नकोत. त्यांचं तोंड पाण्याच्या दंडावर मातीने बंद करा. या सऱ्यांना पाणी लाईटवर द्यायचं नाही, गोळा फुटायला लागला की द्यायचं. बाकीच्या रानाला वडिलांच्या पद्धतीने चालू द्या. काळ्या रानात पाणी शेजारच्या सरीतून झिरपतं, म्हणून आठातल्या कडेच्या दोन-दोन सोडून मधल्या चारच बघायच्या. लोहाची एक फवारणी सगळ्या रानावर सारखीच घ्या, १०० लिटर पाण्यात अर्धा किलो हिराकस (फेरस सल्फेट) आणि १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. पिकाला आज त्याची गरज आहे, आणि दोन्हीकडे सारखीच घेतली म्हणजे तुलना बिघडत नाही. वेळापत्रकातल्या बाकी गोष्टी तेवढे दिवस बाजूला ठेवा. फवारणीच्या दिवशी दोन्हीकडच्या दहा-दहा बेटांत सगळ्यात नव्या उघडलेल्या पानाला रंगीत दोरा बांधा. दोऱ्याखालची पानं हिरवी झाली तर ती फवारणीची करामत. दोऱ्याच्या वर येणारी पानं कोणत्या रंगाची येतात, ते मुळीचं म्हणणं.

उन्हाळा असेल तर एक काळजी घ्या. पाणी थांबवणं म्हणजे तोडणं नव्हे. दुपारी सुरळी मिटायला लागली आणि सकाळीही उघडत नसेल, तर उशीर झाला असं समजा.

आणि हे सगळं करूनही मधल्या चार सऱ्यांत फरक पडला नाही, तर आजोबांचं कारण अपुरं आहे. वरच्या रानांचं किंवा पाटाचं पाणी खालून तुमच्याकडे येत असेल, तर तुम्ही कितीही पाणी कमी करा, रान चिबड, म्हणजे पाणथळच, राहणार. मग मातीचा सामू आणि क्षारता तपासा. सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण व्हायला लागली आहे, क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर खारवट. तिथे उघडे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइपचा निचरा लागतो. खर्च मोठा असतो आणि शेजाऱ्यांना सोबत घ्यावं लागतं, कारण पाण्याला बाहेर काढून द्यायला नाला हवा. अशा वेळी तीन पानंही कमी पडतात आणि आजोबांचं एक वाक्यही.

वडिलांशी बोलताना मी अण्णांशी बोललो तसं बोलू नका. त्यांना वेळापत्रक चुकीचं आहे असं म्हणायची गरज नाही, कारण ते पुरतं चुकीचं नाहीच. लोह कमी आहे हे मान्य करा आणि मग विचारा, एवढ्या काळ्या रानात लोह कमी पडतंच कसं? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात एक दिवस राहू द्या. पाण्यापर्यंत ते स्वतः चालत गेले, तर ती चूक राहत नाही, त्यांचा शोध होतो. पंचवीस-तीस वर्षं त्या मातीत चाललेल्या माणसाला तेवढी वाट काढता येते.

खड्डा घ्याल तेव्हा कुदळ त्यांच्याच हातात द्या. आणि मला पानांचे फोटो पाठवलेत तसे आता मुळांचे पाठवा, दोन्ही खड्ड्यांचे वेगवेगळे, सोबत शेवटचं पाणी कधी दिलं ती तारीख आणि तुमच्या रानाच्या वरच्या अंगाला कोणतं पीक आहे ते लिहा.